रविवारचं ब्लॅक अँड व्हाइट पेट शूट (पाळीव प्राण्यांचे फोटो), येण्याआधी वाचा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता नेहमीच्या बागेत भेटतोय, नवशिक्यांनी तर नक्की या. मोबाइल असला तरी चालेल.

- कॅमेरा असेल तर रॉ मध्ये (रंगांची सगळी माहिती जपणारी मूळ फाइल) काढा आणि स्क्रीनवरचा प्रिव्ह्यू मोनोक्रोम, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट ठेवा, म्हणजे फोटो कसा दिसेल ते समोरच कळतं. मागच्या वेळी केशरी मांजर हिरव्या गवतावर काय मस्त दिसत होतं, पण रंग काढले आणि दोन्ही एकाच करड्या रंगाचे, मांजर गायबच! मग एडिटिंगमध्ये ऑरेंजचा उजळपणा वर नेला, ग्रीनचा खाली आणला तेव्हा कुठे मिशा दिसल्या. त्यामुळे रंग नाही, उजेड-अंधार बघायची सवय लावा.
- काळा कुत्रा फ्रेमभर असेल तर एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं कमी करा, पांढरा असेल तर वाढवा, नाहीतर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर दोघांनाही करडं करून टाकतो.
- फोकस डोळ्यावर, बसा किंवा आडवे व्हा, पळणाऱ्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद.
- उजेड बाजूने घ्या, केसांचा पोत त्यातच उठून दिसतो.

फ्लॅश कोणीही वापरायचा नाही, जनावरं दचकतात. पट्टा आणि पाणी आणाच, आणि प्राणी कंटाळला की शूट थांबवायचं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच नाव टाका, सोबत कोण येतंय तेही लिहा.