आतले की बाहेरचे हा वाद पुरे, दानातला गरिबांचा वाटा आधी वेगळा काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की तुमच्या पेपरात आमच्या चर्चच्या ब्लँकेट वाटपाच्या बातम्या यायला लागतात, फोटोत पाळकसाहेब, कमिटीचे लोक आणि मधे एखादी म्हातारी आजी ब्लँकेट धरून उभी. काम चांगलंच आहे, थंडीत ब्लँकेट कोणाला नको असतं. पण दरवर्षी हे फोटो आले की आमच्याकडे एकच वाद सुरू होतो आणि तो कित्येक वर्षं जिथल्या तिथेच आहे म्हणून आज लिहायला बसले. काही जण म्हणतात आपल्याच मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांत, लोकांची खायची मारामार आहे, आधी आपल्या माणसांचं बघा, बाहेर कशाला वाटत सुटलाय. बाकीचे म्हणतात शेजाऱ्यावर प्रीती करा असं प्रभूने सांगितलंय तर बाहेरच द्या, आत दिलं की वशिलेबाजी होते. हे भांडण चालू राहतं आणि गरिबाच्या हातात काही पडत नाही.

बायबल उघडून बघितलं तर हा वाद मुळात उभाच राहत नाही. पौल ह्या प्रेषिताने गलतीकरांना पत्रात लिहिलंय की संधी मिळेल तसं सगळ्यांचं बरं करा आणि विशेष करून विश्वासाच्या घराण्यातल्यांचं, म्हणजे मंडळीतल्यांचं. आपल्याकडे ज्याला जे अर्धं सोयीचं तो तेवढंच अर्धं वाचून दाखवतो. त्याच्याही खूप आधी, बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात, तिसऱ्या वर्षाचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, कोणाला द्यायचा ते लिहून ठेवलंय : लेवी, उपरा, पोरका आणि विधवा. लेवी म्हणजे देवाच्या घरातला सेवक, आणि उपरा म्हणजे बाहेरून आलेला परका माणूस, दोघांना एकाच धान्यातून द्यायचं आणि त्यांनी तुमच्या वेशीत पोटभर खावं, इतकं सरळ. पहिला कोण आणि दुसरा कोण अशी रांगच तिथे लावलेली नाही.

आधी आतलं सांगते. मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली त्यामुळे लोकांच्या घरात जाणं-येणं पुष्कळ झालं. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांमधे मोठा वर्ग मूळचा दलित समाजातला आहे आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, त्या यादीत 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणजे शेजारच्या घरातल्या पोराला जी स्कॉलरशिप मिळते ती ह्या पोराला नाही, गरिबी मात्र दोघांची तीच. मग मुलीचं नर्सिंगचं शिक्षण फीसाठी अडतं, कोणाचं डायलिसिस चालू असतं आणि जायच्या-यायच्या भाड्याचे पैसे नसतात, कोणाच्या घरी मयत झालं तर शवपेटीचा खर्च कुठून करायचा हा प्रश्न असतो आणि अशा वेळी माणूस रडणार की पैसे मोजणार. हीच माणसं रविवारी इस्त्रीचे कपडे घालून बाकावर बसलेली असतात म्हणून कोणाला कळतही नाही. मंडळीत सगळे ओळखीचे, त्यामुळे हात पसरायची लाज जास्त वाटते, बाहेरचा माणूस तरी दारात येऊन मागतो, आतला मागत नाही.

आणि मागितलंच तर आपण लगेच वचन सुनावतो, जो काम करत नाही त्याने खाऊ नये. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात आहे ते, पण तिथे ज्याला काम करायची इच्छाच नाही त्याच्याबद्दल लिहिलंय. पहाटे उठून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला हे वचन ऐकवणं मला तरी पाप वाटतं.

वशिलेबाजीचा आरोप मात्र खोटा नाही, तो मान्य करायला पाहिजे. आणि तो पहिल्या मंडळीतसुद्धा झाला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6व्या अध्यायात आहे बघा, यरुशलेममधे रोजची वाटणी व्हायची आणि ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी कुरकुर केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, कुरकुर करणाऱ्यांना गप्प नाही केलं, वाटपही बंद नाही केलं, त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव, सगळी ग्रीक नावं! म्हणजे असं दिसतं की ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हातात सगळं वाटप दिलं. हा भाग आपल्या उपदेशांत कधी येत नाही याचं मला फार वाईट वाटतं कारण आपल्या सगळ्या दुखण्याचं औषध तिथेच आहे. आज आपल्या कमिट्यांवर कोण असतं, रिटायर्ड ऑफिसर, मास्तर, दोन-तीन जुनी घराणी. चांगली माणसं असतात, पण कोणाच्या घरात काय शिजत नाही हे त्यांना कुठून कळणार? मदत कोणाला द्यायची हे ठरवायला मंडळीतल्या विधवा बसवा, घरकाम करणाऱ्या बाया बसवा, रिक्षा चालवणारा एखादा बसवा. त्यांना वस्तीतलं प्रत्येक घर माहीत असतं आणि खोटं कोण बोलतंय तेही माहीत असतं.

आता बाहेरचं. आमच्या राहुरी-श्रीरामपूर भागात दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उघड्यावर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहतात. नाताळात कडाक्याची थंडी असते तेव्हा ही माणसं रानात असतात, बायका पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात, लहान पोरं कोपीत किंवा बैलगाडीवर, शाळा सुटलेली. आपण चर्चच्या आवारात गाईचा गोठा सजवतो, त्यात गवत टाकून बाळ येशू ठेवतो आणि तिथून थोड्या अंतरावर खरीखुरी बाळंतीण पाचटावर झोपलेली असते. तिच्याकडे जायला आपल्याला कोणी अडवलंय? ब्लँकेट द्याच, पण तिच्या बाळाचे डोस राहिले असतील तर आरोग्य केंद्रात घेऊन जा, पोरांसाठी संध्याकाळी चर्चचा हॉल उघडा, दिवा आहे, पंखा आहे, सतरंज्या आहेत, आठवड्याचे सहा दिवस तो हॉल नुसता कुलपात असतो.

इथे लोक लगेच म्हणतात, बाई, आजकाल बाहेर मदत केली की धर्मांतराचा संशय घेतात. घेतात, खरं आहे, पण तो आजचा नाही. 1893 ला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेवरून, पुण्यात केवढा गदारोळ झाला होता, सल्लागार मंडळातली मोठी मोठी माणसं बाजूला झाली. तरी पुढे 1896-97 च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मरणाऱ्या मुली घेऊन आली आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. मिरजेला डॉक्टर वानलेसांनी 1894 मधे हॉस्पिटल काढलं, तिथे पेशंट कुठल्या जातीधर्माचा आहे हे न बघता उपचार झाले, अजूनही कोल्हापूर-सांगलीकडचे लोक 'मिरजेला मिशनमधे नेलं होतं' असं आपुलकीने सांगतात. आणि 2020 ला कोरोना आला, लोक एकमेकांच्या दारात जायला घाबरत होते, तेव्हा नगरचं मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मी ह्या ख्रिस्ती संस्थेचं) बूथ हॉस्पिटल कोविडच्या पेशंटसाठी उघडलं गेलं. संशयावर माझ्याकडे एकच उपाय आहे, सगळं उघड्यावर करा. शाळेच्या मास्तरांना, सरपंचांना, आशाताईंना बरोबर घ्या, मदतीबरोबर पत्रकं वाटू नका, ब्लँकेटच्या बदल्यात प्रार्थनेला बसवू नका. कोणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता तर सांगा, लपवायचंही काही नाही. पण भुकेल्याला देताना अट घालायची नसते, येशूने सांगितलेल्या गोष्टीत एक परका शोमरोनी वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करतो, त्या चांगल्या शोमरोन्याने त्या माणसाला तुझा धर्म कुठला असं विचारलेलं मी तरी कुठे वाचलं नाही.

चौथ्या शतकात रोमचा सम्राट जुलियन हा ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता, त्याने आपल्या पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात चिडून म्हटलंय की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात! विरोधकाने दिलेलं हे सर्टिफिकेट आहे. आज आपल्या गावातला आपल्याला नावं ठेवणारा माणूस आपल्याबद्दल असं लिहू शकेल का, हे प्रत्येक मंडळीने मनाला विचारावं.

राहिला पैसा. आपल्या लोकांच्या डोक्यात अजून मिशनचा काळ आहे, कोणीतरी साहेब बाहेरून पाठवेल आणि आपण वाटू. तो काळ संपला, परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर त्याचे नियम आणखी कडक झालेत आणि एका अर्थी बरंच झालं असं मला वाटतं. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल होत्या तरी त्यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी आपणहून, शक्तीबाहेर दिलं असं पौल लिहितो. आपण त्यांच्याइतके गरीब नक्कीच नाही. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला, आपल्याकडे लिलाव होतो, एक भोपळा, एक कोंबडी, केळीचा घड, लोक हौसेने बोली लावतात आणि बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे देतात. तो सगळा पैसा रंगकाम, साउंड सिस्टीम, नवीन फरशी ह्यातच का जावा? हंगामाचं उत्पन्न पूर्ण गरजूंसाठी ठेवा आणि रविवारच्या दानार्पणातून दशांश तरी बाजूला काढा, आपण लोकांकडून दशांश मागतो तर मंडळीनेही आपला दशांश द्यावा. त्यातला काही भाग आत, काही बाहेर, किती ते त्या त्या वर्षीची गरज बघून ठरवा, दुष्काळ असेल तर बाहेर जास्त जाईल, घरात आजारपणं असतील तर आत जास्त राहील.

आणि हिशोब लावा. करिंथकरांना लिहिताना पौल म्हणतो की एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून आम्ही जपतो, म्हणून त्याने पैशाबरोबर मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसं ठेवली. पौलाला हे करावंसं वाटलं तर आपल्या खजिनदारांना राग यायचं कारण नाही. किती आले, किती गेले हे दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा, घेणाऱ्याचं नाव लावू नका.

तुम्हालाही एक विनंती आहे संपादक साहेब. वाटपाच्या बातम्या जरूर छापा पण घेणाऱ्याचा चेहरा फोटोत टाकू नका, त्या आजीलाही नातवंडं असतात, ती शाळेत जातात. आणि आमच्या मंडळ्यांच्या वार्षिक सभा तोंडावर आल्यात, तेव्हा हे पत्र त्याआधी छापून आलं तर फार उपकार होतील, म्हणजे निदान एखाद्या सभेत तरी कोणीतरी उठून गरजूंच्या निधीचा ठराव मांडेल.

आपली,
एक वाचक, राहुरी