न्यायमंदिराचं काम पत्र्याआड करू नका : सांस्कृतिक मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय सांस्कृतिक मंत्री, गुजरात राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या जुन्या शहरात एका लाकडी वाड्यात आम्ही काही मित्रमंडळी मिळून छोटी गॅलरी चालवतो, चित्रांची पण आणि आर्किटेक्चरची पण. ग्रँट नाही, स्पॉन्सर नाही, वर्गणीवर चालतं. वाड्याची दुरुस्ती आणि कार्यक्रम हे आमच्याकडे एकत्रच होतं, आणि न्यायमंदिराच्या, म्हणजे आता म्युझियम व्हायच्या आपल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीच्या, दुरुस्तीतही तसंच व्हावं एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या चौकातल्या सागवानी खांबांची बुडं कुजत चालली होती. पूर्वी कधीतरी चौकात सिमेंट ओतून टाइल्स बसवलेल्या, मग जमिनीतली ओल बाहेर पडणार कुठून, ती खांबांत आणि भिंतींत चढायची, भिंतीला पांढरा खार फुटायचा आणि रंगाचे पोपडे हातात यायचे. टाइल्स उखडल्या, चुना भिजत घातला, विटांची भुकटी, गूळ-मेथीचं पाणी सगळं आणलं आणि काम चालू असतानाच रविवारी दार उघडं ठेवायला लागलो. इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजची मुलं स्केचबुक घेऊन यायची, गल्लीतल्या आज्या यायच्या, एकीने तर माहेरच्या घराला कसा चुना लावायचे ते गवंडीकाकांनाच सांगितलं! काका थापीवर चुना घेऊन दाखवायचे, हे बघा अजून कण लागतोय, म्हणजे नीट विझला नाही, असाच लावला तर भिंतीत गेल्यावर विझेल, फुगेल आणि वरचं प्लास्टर उडवेल. पोरं गप्प बसून ऐकायची. आमच्या कुठल्याही स्लाइड शोला इतकी गर्दी झालेली नाही.

बडोद्यात चित्र आणि भिंत पहिल्यापासून एकत्रच आहेत. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघा, दिवाण भाऊ तांबेकरांचं घर, आत कृष्णलीला आणि मराठे-इंग्रजांच्या लढाया रंगवल्यात, तिथली भिंत गेली की चित्र गेलंच. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगवल्या. १९५० मध्ये फाइन आर्ट्स सुरू झालं तेव्हा आमच्या मराठी माणसांपैकी इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवायला आले. अशा शहरात एवढी मोठी इमारत दुरुस्त होणार आणि लोकांना ती फक्त फीत कापायच्या दिवशी दिसणार, हे मला पटत नाही.

आणि ही भीती उगाच नाही. एका जुन्या इमारतीचं असंच झालं, नाव घेत नाही, चारी बाजूंनी पत्रे लागले, आत काय चाललंय कोणाला कळेना, पत्रे निघाले तेव्हा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत पेंट. आता ओल आतल्या आत राहणार, पण बोलायची वेळ निघून गेली होती.

न्यायमंदिर १८९६ चं, रॉबर्ट चिझम या इंग्रज आर्किटेक्टने बांधलेलं, महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं. २०१८ मध्ये कोर्ट नव्या इमारतीत गेलं. तिथे म्युझियम करायचं ठरलं हे ऐकून खरंच आनंद झाला होता. पण म्युझियम म्हणजे काचेची कपाटं आणि एसी एवढंच होऊ नये. काम चालू असताना महिन्यातून एक रविवार तरी लोकांना आत येऊ द्या, हेल्मेट घालून, छोट्या ग्रुपने, कारागीर स्वतः दाखवतील. कोणत्या भिंतीला काय मसाला लावलाय, कोणतं लाकूड बदललं, त्याचा बोर्ड बाहेर लावा, गुजराती, मराठी, हिंदी तिन्हीत. ड्रॉइंग्ज कपाटात ठेवू नका, आर्किटेक्चरच्या मुलांना बघू द्या. आणि एखादी खोली आमच्यासारख्या छोट्या गॅलऱ्यांना आळीपाळीने द्या, नाममात्र भाड्यात, कारण मोठ्या हॉलचं भाडं भरायचं म्हटलं तर आमची वर्षाची वर्गणी एका संध्याकाळीत संपते. फुकट नको, झाडलोट आणि दिव्याचं बिल आम्ही बघू.

साहेब, एकदा काम सुरू झालं की कॉन्ट्रॅक्टर म्हणणार टेंडरमध्ये नाही, आणि तो चुकीचं बोलणार नाही. म्हणून ही उघड्या रविवारची आणि चुन्याच्या नोंदीची अट टेंडरमध्येच लिहून घ्या. मसुदा करताना बोलावलंत तर आमचे गवंडीकाका आणि आम्ही गांधीनगरला यायला तयार आहोत.

आपला,
जुन्या शहरातल्या गॅलरीचा एक कार्यकर्ता, बडोदे