सांगलीत बँडच्या कार्यक्रमांना एक मैदान पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये मागं एका काकांचं पत्र आलं होतं, एका कॉलेजच्या गॅदरिंगला रॉक बँड बोलावणार होते त्याला परवानगी मिळाली नाही, ते बरंच झालं, हा धिंगाणा सांगलीत नकोच, आधीच मिरवणुकीतल्या डॉल्बीनं कान किटलेत, असं त्यांनी लिहिलं होतं. डॉल्बीवरचा त्यांचा राग मला पूर्ण पटतो, आमच्या गल्लीतून मिरवणूक जाते तेव्हा सासूबाईंना मी स्वतः मागच्या खोलीत नेऊन बसवते, त्यांच्या छातीत धडधडतं. पण काकांनी डॉल्बी आणि बँड एकाच माळेत ओवलेत आणि ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. पत्र जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते. कॉलेजपासूनचा आमचा एक ग्रुप आहे, त्यात एक तासगावचा द्राक्षवाला, एकजण मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातला, एक मैत्रीण हॉस्पिटलात नर्स, आणि माझा नवरा जो लग्नानंतर ग्रुपात आला आणि आता आमच्यापेक्षा जास्त वेडा झालाय. आम्ही लाइव्ह रॉक ऐकायला जातो, पुण्याला, मुंबईला, आणि अगदीच मोठं नाव असलं तर बंगळूरला. गाडी काढायची, टोल वाटून घ्यायचा, डब्यात धपाटे आणि शेंगादाण्याची चटणी, आणि जाताना त्याच बँडची गाणी लावून सगळे बेसूर गात जायचं. वर्षभर कामाच्या रगाड्यात असतो आम्ही, या रात्रींवर आमचं वर्ष निघतं असं म्हणलं तरी चालेल.

आता तिथं नेमकं काय होतं ते सांगते, कारण बऱ्याच लोकांनी हे फक्त सिनेमात बघितलेलं असतं. स्टेजवर चार-पाच माणसं असतात आणि ती खरोखर वाजवत असतात, ड्रमवरची काठी तुटली की ड्रमर ती फेकून दुसरी उचलतो आणि ताल कुठं सुटत नाही. २०१९ ला पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत फेस्टिवलला ओपेथ हा स्वीडनचा बँड आला होता. त्यांचं गाणं एका क्षणी इतकं जड असतं की पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते आणि पुढच्याच मिनिटाला एकट्या गिटारवर येतं, अगदी हळू. एवढं मोठं मैदान, एवढी पोरं, आणि त्या हळू भागात माझ्या शेजारी कोणी खोकलंसुद्धा नाही. मी सवाई गंधर्वलाही गेलेय, तिथं आलापीला लोक जसे कान देऊन बसतात तसंच हे उभं राहून ऐकणं होतं. तीन वर्षं आधी, २०१६ ला, त्याच फेस्टिवलला स्टीव्हन विल्सन हा इंग्लंडचा गायक-गिटारवाला आला होता, तेव्हा आमचा मिरजेचा मित्र रात्रभर फक्त गिटारच्या आवाजाबद्दल बोलत होता, जव्हारी लावलेल्या, म्हणजे खालची घोडी खास घासून घेतलेल्या, सतारीच्या तारेचा आवाज कसा उघडतो आणि हा माणूस गिटारला जोडलेलं पेडल पायानं दाबून साधारण तेच कसं करतो, खंबाटकी उतरून सुरूर येईपर्यंत हेच चालू, आणि आम्ही सगळे मन लावून ऐकत होतो.

गर्दीबद्दल लोकांना भीती असते, ती मलाही आधी होती, बाई माणूस म्हणून जास्तच. पुढच्या भागात पोरं एकमेकांवर आदळत नाचतात, त्याला पिट म्हणतात. लांबनं ते भयंकर दिसतं. पण त्यांचा एक नियम आहे आणि तो कुठंही लिहिलेला नसतो, कोणी पडलं की आजूबाजूचे सगळे थांबतात आणि त्याला उचलून उभं करतात, कोणाचा चष्मा पडला की एकजण तो हातात उंच धरून उभा राहतो. माझी नर्स मैत्रीण एकदा घुसमटून खाली बसली तर चार अनोळखी पोरांनी हात धरून कडं केलं आणि तिला बाजूला आणलं, पाणी दिलं, आणि ती पोरं परत गेली नाचायला. मिरवणुकीत डॉल्बीपुढं मला असा अनुभव कधी आला नाही, खरं सांगते.

आणि आवाजाचं म्हणाल तर हाच तर मुद्दा आहे. डॉल्बीत रेकॉर्ड केलेला ट्रॅक असतो, ट्रॅक्टरवर बॉक्सची भिंत, आणि शेजारच्या मंडळापेक्षा आपला जास्त एवढंच माप, ती भिंत हॉस्पिटलच्या दारावरून पण तशीच जाते. चांगल्या कॉन्सर्टला मैदानाच्या मध्यात साउंड इंजिनियरचं टेबल असतं, तो माणूस पूर्ण वेळ मीटर बघत बसलेला असतो. मागच्या लोकांसाठी मध्ये वेगळे स्पीकर उभे करतात आणि त्यांना आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडतात, कारण आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागं उभ्या माणसाला स्टेजचा आवाज पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा पोचतो, आणि दोन्ही आवाज एकदम कानावर आले नाहीत तर नुसता गोंगाट होतो. (नवीन जाणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो की पुढं रेटारेटी करू नका, त्या टेबलाजवळ उभं रहा, सगळ्यात स्वच्छ तिथं ऐकू येतं.) जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ ला अशा ठिकाणांसाठी मापदंड दिलेत, पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजावा, इयरप्लग द्यावेत, आणि कानाला विश्रांती मिळेल अशी शांत जागा ठेवावी. आम्ही सगळे फोमचे इयरप्लग घालतोच, मेडिकलमध्ये मिळतात, त्यानं गाणं बिघडत नाही आणि दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत नाही.

मग एवढं सगळं छान चाललंय तर तक्रार काय, असं कोणी विचारेल. तक्रार परत येण्याची आहे.

मुंबईत शो असला की रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस शो संपायच्या आत निघून गेलेली असते. २०२५ च्या १७ मे ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस या अमेरिकन बँडचा शो झाला, त्यांचा गायक ॲक्सल रोज १९६२ चा, त्रेसष्टीचा माणूस त्या उकाड्यात गातोय आणि आमचा द्राक्षवाला मित्र, त्याची माल तोडणी आणि एप्रिल छाटणी सगळी उरकलेली म्हणून तोही यावेळी होता, शेजारी उभा राहून रडत होता, कारण मोठ्या भावाच्या कॅसेटवर त्यानं हेच ऐकलेलं. ती रात्र जन्मात विसरणार नाही. पण तिथनं बाहेर पडून गाडी सापडेपर्यंत मध्यरात्र उलटली, आणि पुढं सगळा हायवे. पुण्याहून परतीचं पण तेच. कात्रज, खंबाटकी, आनेवाडी टोल, कऱ्हाड, आणि पेठनाक्याला वळलो की खरी परीक्षा. कॉन्सर्टचा सीझन नोव्हेंबर ते मार्च, आणि आपल्याकडं गळीत हंगाम पण तोच. पहाटे तीन-चारला आष्ट्याच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, धुकं असलं तर ट्रॉली दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. आमचा नियम आहे की दोघांनी गाडी चालवायची आणि जो चालवणार नाही त्यानं झोपायचं नाही, ड्रायव्हरशी बोलत रहायचं. पण विशी-बावीशीची कॉलेजची पोरं बाइकवर जातात हो! दोनशे तीस किलोमीटर जायचं, पाच तास उभं रहायचं, आणि लॉजला पैसे नाहीत म्हणून त्याच रात्री परत. त्यांच्या आयांना काय वाटत असेल याचा विचार केला की मला झोप येत नाही. बंदी घातली म्हणून ती पोरं जायची थांबत नाहीत, फक्त लांब जातात.

आणि हे सगळं सांगलीतल्या पोरांना करावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटतं. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर उभं केलं तेव्हा ते पण नवीनच होतं, पण संस्थानिकांनी त्याला आधार दिला म्हणून आज आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ ला गेले, अजून दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. गाण्याची एवढी पुण्याई असलेल्या जिल्ह्यात हातात इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या पोराला उभं रहायला जागा नाही. भावे नाट्यमंदिर आहे, दीनानाथ आहे, मिरजेत बालगंधर्व आहे, पण ती खुर्चीत बसून बघायची ठिकाणं, नाटकाला आणि मैफलीला उत्तम, तिथं बँड लावून कोणाला समाधान मिळणार नाही.

मैदान कुठं, हा प्रश्न येणार, त्यावर आम्ही ग्रुपमध्ये बराच खल केलाय. मुंबईत धोबी तलावला रंगभवन होतं, उघडं थिएटर, १९८६ ला सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा फेस्टिवल तिथं वर्षानुवर्षं व्हायचा, देशभरची पोरं यायची. आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज, त्यामुळं शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि ते बंद पडलं. माझ्या मते नियम बरोबर होता आणि जागा चुकली होती. म्हणून आपल्याकडं वस्तीतलं मैदान मागूच नये. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल मर्यादा आहे, औद्योगिक भागाला ७५. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतला एखादा मोकळा प्लॉट, जिथं शंभर मीटरात हॉस्पिटल-शाळा नाही, रविवारी कारखान्यांची वर्दळ पण कमी, तो महिन्यातनं एकदा द्यायला काय हरकत आहे? रात्री दहाच्या आत संपवायचं, त्यासाठी कोणतीही सवलत नको, संध्याकाळी पाचला सुरू करा, आमची काही हरकत नाही. वर्षातनं पंधरा दिवस बारापर्यंत परवानगी द्यायचा अधिकार सरकारला आहे, ते दिवस सणांनाच राहूदेत.

तिकीट पाचशेच्या आत ठेवलं तर त्यावर जीएसटी पण लागत नाही, म्हणजे कॉलेजच्या पोरांना परवडेल. आधी दोन-तीन इथल्याच पोरांचे बँड वाजूदेत, वालचंदमध्ये, विलिंग्डनमध्ये, मिरजेच्या मेडिकलमध्ये वाजवणारी पोरं असणारच, त्यांच्यानंतर बाहेरचा एखादा बँड. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडसारखे लोक लहान गावात पण जीव ओतून वाजवतील असं मला वाटतं, त्यांचे राहुल राम तर नर्मदा आंदोलनात गावागावातनं फिरलेले आहेत.

काही गोष्टी मात्र अगदी पक्क्या पाहिजेत. पुढचं बॅरिकेड मजबूत पाहिजे आणि ते आदल्या दिवशी तपासलेलं पाहिजे. २०११ ला गुडगावला मेटॅलिका या अमेरिकन बँडचा शो सुरक्षेच्या कारणावरून ऐन वेळी रद्द झाला, चिडलेल्या लोकांनी स्टेजची मोडतोड केली, आणि दोन दिवसांनी बंगळूरला तोच बँड व्यवस्थित वाजवून गेला, म्हणजे तयारीवर सगळं आहे. पिण्याचं पाणी फुकट पाहिजे. एका मोठ्या कार्यक्रमात गेटवर आमच्या बाटल्या काढून घेतल्या आणि आत पाण्याला तासभर रांग, माझी मैत्रीण घुसमटली ती त्याच दिवशी. बायकांसाठी पुरेशी आणि उजेडातली स्वच्छतागृहं पाहिजेत, याच्यावर मी कितीही वेळ भांडायला तयार आहे, कारण कितीतरी मैत्रिणी फक्त या एका कारणानं येत नाहीत. आत दारू नको, आम्हाला तिची गरज पडत नाही. आणि दहानंतर मिरज स्टेशन आणि सांगली स्टँडपर्यंत एसटीच्या दोन-तीन जादा गाड्या.

महापालिकेनं, पोलिसांनी आणि एमआयडीसीतल्या उद्योजकांनी एकदा एकत्र बसून हे बघावं, यंदाच्या हिवाळ्यात एक कार्यक्रम करून बघावा आणि त्या दिवशी प्लॉटच्या हद्दीवर डेसिबल मीटर लावून आकडे तुमच्या पेपरात छापावेत. मर्यादा ओलांडली तर पुढचा रद्द करा, आम्ही एक शब्द बोलणार नाही. आमच्या ग्रुपनं वाटणी पण करून ठेवलीय, नर्स मैत्रीण प्रथमोपचाराचं टेबल लावणार, द्राक्षवाला पाण्याचा टँकर देणार (ढगाळ हवा पडून द्राक्षावर डावणी रोगाची फवारणी आली नाही तर), मिरजेचा मित्र स्टेजवरच्या पोरांना तारा-बिरा लागल्या तर बघणार, आणि मी गेटवर तिकिटांचा हिशेब ठेवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान झाडायला आम्ही सगळेच येऊ.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली