उद्योगमंत्र्यांना खुले पत्र: फाउंड्री समजणारा मध्यस्थ द्या

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत 22 वर्षे फाउंड्री, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवण्याचा कारखाना, चालवतो. 31 माणसे कामाला आहेत. 2021 च्या दिवाळीआधी एका जुन्या गिऱ्हाइकाने माझे 7 लाख रुपये रोखले. पंपाच्या बॉडीची कास्टिंग (ओतीव भाग) मशिनवर चढवल्यावर आत भोके निघाली म्हणून त्यांनी डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याचा कागद, लावली. माझे म्हणणे, माल उतरवून घेतला, जीआरएन (माल मिळाल्याची पोच) झाला, मग दोन महिन्यांनी भोके कुठून आली? त्यांचे म्हणणे, भोक पोटात असेल तर वरून दिसणार कसे?

थकीत पैशांची तक्रार नोंदवायच्या सरकारी समाधान पोर्टलवरचा अर्ज मी पूर्ण भरला, पण पाठवला नाही. माझे 40 टक्के काम त्याच गिऱ्हाइकाचे होते. तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्या फाउंड्रीत जाणार, हे कळायला मला वकील लागत नव्हता. महिना उलटला, बँकेचे सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखाते मर्यादेपर्यंत भरले, पिग आयर्नवाल्याने (कच्चे लोखंड देणाऱ्याने) उधारी बंद केली, तरी तो अर्ज तसाच पडून राहिला. साहेब, थकीत पैशांचे आकडे आपल्यापुढे येतात ते पाठवलेल्या अर्जांवरून. न पाठवलेले अर्ज आमच्या टेबलाच्या खणात आहेत, आणि हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आमच्या बाजूने भक्कम आहे. लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. वाद झाला तर तो ऐकायला याच कायद्याखालची सुविधा परिषद, जिला आम्ही नुसते कौन्सिल म्हणतो. तिने आधी सलोखा करून पाहायचा, नाही जमला तर लवाद चालवायचा आणि प्रकरण 90 दिवसांत संपवायचे. निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराने आधी 75 टक्के रक्कम कोर्टात भरायची. एवढे संरक्षण आम्हाला दुसऱ्या कोणत्याच कायद्याने दिलेले नाही.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. माझ्या गिऱ्हाइकाने 15 दिवसांत काहीच लिहिले नव्हते. मी गेलो असतो तर जिंकण्याची शक्यता चांगली होती. पण ऑगस्टमध्ये आमच्या साच्यांची वाळू ओली होती हे मला ठाऊक होते. केस जिंकलो असतो आणि तरी निम्मी चूक माझीच राहिली असती. कास्टिंगमधला दोष बहुतेक वेळा मशिनिंग झाल्यावरच उघडा पडतो आणि मशिनिंग कधी महिन्याने होते, कधी तीन महिन्यांनी. कायद्याचे घड्याळ आणि शॉपफ्लोअरचे घड्याळ जुळत नाही, आणि आमच्या धंद्यातले निम्मे वाद याच फटीत अडकलेले असतात.

आमचा वाद मिटला तो असा. दोघांच्याही ओळखीचे एक निवृत्त मेटलर्जिस्ट (धातुतज्ज्ञ) होते. त्यांनी दोघांना निरोप धाडला: रिजेक्ट झालेला माल घेऊन या, हीट रजिस्टर (प्रत्येक वितळणीची नोंदवही) आणा, ड्रॉइंगच्या सगळ्या जुन्या-नव्या प्रती आणा, आणि ज्याला सही करायचा अधिकार आहे त्यानेच या. सकाळी दहाला त्यांनी चार कास्टिंग पॉवर हॅकसॉवर (यांत्रिक करवतीवर) कापायला लावली. दोन तुकड्यांत भोकाची भिंत गुळगुळीत, चकचकीत होती. म्हणजे गॅस, आमच्या ओल्या वाळूची वाफ. मी मान खाली घातली. उरलेल्या दोन तुकड्यांत भोक खडबडीत, दातेरी होते. ते धातू थिजताना होणाऱ्या आकुंचनाचे होते. गिऱ्हाइकाने जूनमध्ये ड्रॉइंग बदलून फ्लँजजवळचा (जोडायच्या कडेजवळचा) बॉस, म्हणजे तिथला उंचवटा, जाड केला होता; तिथला धातू सर्वांत शेवटी थिजत होता आणि त्याला वितळलेला धातू पुरवणारा रायझर (साच्यातला जादा धातूचा साठा) कुणी नव्याने बसवला नव्हता. त्यांनी ते सुचवले नाही, मीही विचारले नाही.

त्यानंतर मेटलर्जिस्ट आधी माझ्याशी एकट्याशी बोलले, मग गिऱ्हाइकाशी. मला विचारले, ‘पगाराला किती कमी पडतंय?’ गिऱ्हाइकाला विचारले, ‘ही फाउंड्री बंद पडली तर हा पॅटर्न दुसरीकडे उभा करायला किती महिने?’ (पॅटर्न म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना.) या दोन प्रश्नांची खरी उत्तरे आम्ही एकमेकांसमोर कधीच दिली नसती. संध्याकाळच्या चहापर्यंत ठरले: गिऱ्हाइकाने 5 लाख 60 हजार तीन हप्त्यांत द्यायचे, 120 नग मी माझ्या खर्चाने पुन्हा ओतून द्यायचे, आणि पॅटर्न बदलण्याचा खर्च निम्मा-निम्मा. ते गिऱ्हाईक आजही माझ्याकडे आहे.

पण तो कागद साधा होता. तिसरा हप्ता आला नसता तर मी पुन्हा शून्यावर. हाच सलोखा कौन्सिलमार्फत झाला असता तर त्याला लवादाच्या निवाड्याचा दर्जा मिळाला असता. 2023 च्या मध्यस्थी कायद्यातही अशा तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ देण्याची तरतूद आहे. ती संध्याकाळ आणि ते बळ एकत्र यावे, एवढीच माझी मागणी आहे.

ते आज एकत्र का येत नाही, याचे मला दिसणारे कारण स्पष्ट लिहितो. कायद्याप्रमाणे कौन्सिलचे अध्यक्ष उद्योग खात्याचे अधिकारी. त्यांच्याकडे त्याशिवाय खात्याची ढीगभर कामे. सदस्य तीन ते पाच. एवढ्या लोकांनी विभागातल्या प्रत्येक वादासाठी अख्खा दिवस काढायचा आणि कास्टिंग कापून पाहायचे, हे होणार नाही. दुसरे, जी कौन्सिल सलोखा करते तीच पुढे लवाद होऊ शकते. 31 ऑक्टोबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कायदेशीर असल्याचे सांगितले आहे, त्यावर माझा वाद नाही. पण माणसाच्या मनाचे काय? जो उद्या निवाडा देणार आहे त्याच्यासमोर मी ‘आमची वाळू ओली होती’ असे आज कसा म्हणेन? मेटलर्जिस्टकाकांसमोर म्हणालो, कारण त्यांच्या हातात निवाडा नव्हता.

यासाठी नवा कायदा लागत नाही. 2006 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये पहिल्यापासूनच लिहिलेले आहे की सलोखा कौन्सिलने स्वतः करावा किंवा असे काम करणाऱ्या संस्थेकडे सोपवावा. ही दुसरी वाट सरसकट वापरा. कौन्सिलबाहेरच्या मध्यस्थांची यादी धंद्याप्रमाणे तयार करा. कोल्हापूर-सांगलीला फाउंड्री आणि मशिनिंग जाणणारे, इचलकरंजीला सूत, साइझिंग आणि लूम जाणणारे, चाकणला वाहनांचे सुटे भाग जाणणारे. निवृत्त इंजिनिअर, बँकेचे जुने अधिकारी, औद्योगिक संघटनांमधली वडीलधारी माणसे यांना मध्यस्थीचे रीतसर शिक्षण द्या आणि सोबत तडजोडीचा मसुदा लिहायला एक वकील द्या. बैठक त्या-त्या एमआयडीसीतच होऊ द्या, जिथे मालही समोर ठेवता येईल. मध्यस्थाचे मानधन सुरुवातीला खात्याने सोसावे. आणि खणातल्या अर्जांसाठी सर्वांत महत्त्वाचे: तक्रार नोंदवण्याआधीच, ‘आमच्यात हिशोबाचा फरक आहे, बसवून द्या’ अशी विनंती दोघांपैकी कुणालाही करता यावी आणि ती गोपनीय राहावी. गिऱ्हाइकाच्या कायदा विभागात नोटीस गेली की मालकाच्या हातात काही उरत नाही, हा आम्हा सगळ्यांचा अनुभव आहे.

नुसती सक्ती करून हे होत नाही. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात 2018 साली कलम 12अ आले. तातडीचा दिलासा नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये त्यावर पक्के शिक्कामोर्तब केले. तरी समोरचा फिरकलाच नाही तर मध्यस्थी सुरूच झाली नाही असा अहवाल लिहून फाइल बंद होते. गिऱ्हाइकाला यावेसे वाटेल असा मध्यस्थ असेल, आपला माल ओळखणारा, तरच तो येतो.

काही गिऱ्हाइके मात्र ठरवून बुडवतात. त्यांच्याशी चहा घेत बसण्यात अर्थ नाही. तिथे लवादच हवा, आणि 90 दिवस म्हणजे 90 दिवसच हवेत. खासगी लवाद आम्हाला परवडत नाही. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणे माझ्या 7 लाखांच्या दाव्यात एकट्या लवादाची फी 65 हजार झाली असती, वकील वेगळा. मुंबईत 2016 पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे याचा मला अभिमान आहे, पण शिरोलीचा 7 लाखांचा वाद तिथे जाऊ शकत नाही. आम्हाला कौन्सिलच आहे. म्हणून मध्यस्थीचे ओझे तिच्यावरून उतरवा आणि निवाड्यांसाठी तिला मोकळे करा.

शासकीय महामंडळेही आमची गिऱ्हाइके आहेत. तिथे अधिकारी तडजोडीवर सही करायला धजत नाही. उद्या चौकशी लागली तर कोण वाचवणार? केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने 3 जून 2024 च्या परिपत्रकात मोठ्या वादांमध्ये मध्यस्थीसाठी उच्चस्तरीय समिती नेमण्याचा मार्ग दाखवला आहे. आपल्या महामंडळांमध्ये लहान रकमांसाठी तशीच समिती नेमा, म्हणजे सही एकट्याच्या अंगावर येणार नाही.

एक विनंती वेळेची. आमच्याकडे जूनपासून वाळूतली ओल वाढते, तसे रिजेक्शन वाढते, आणि सप्टेंबरच्या सुमारास डेबिट नोटा येऊ लागतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलसाठी मध्यस्थांची पहिली यादी मे महिन्याच्या आत निघाली, तर ती यंदाच्या वादांना उपयोगी पडेल. बैठकीसाठी माझ्या शेडमधली खोली आणि पॉवर हॅकसॉ मी केव्हाही मोकळे करून देईन.

आपला नम्र,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फाउंड्रीचालक