डोळे बाहेर आले की मागची नसही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतला बटबटीत डोळ्यांवरचा लेख वाचला. थायरॉइडची रक्ततपासणी करा, गॉगल लावा, सिगारेट सोडा, हे सगळं बरोबर. सिगारेटचं ठणकावून लिहिलंत, त्याबद्दल आभारच. पण अख्ख्या अर्ध्या पानात डोळ्यामागच्या, दिसलेलं मेंदूकडे नेणाऱ्या नसेबद्दल एक ओळ नाही? डोळा किती बाहेर आला ते आरशात दिसतं, नस दबलेली दिसत नाही. डोळा फारसा बाहेर न आलेल्यांचीही नस दबते, कारण थायरॉइडच्या या त्रासात डोळ्यामागचे स्नायू सुजतात, आणि डोळा पुढे सरकला नाही तर त्यांचा दाब मागे नसेवरच येतो.

माझ्या ताईचं हेच झालं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात तीन महिने तिला ‘तक्ता पूर्ण वाचता ना, मग नजर उत्तम आहे’ म्हणत नुसते थेंब देत राहिले. एका संध्याकाळी डाव्या डोळ्यात थेंब टाकून तो मिटून बसली होती. समोर टोपलीत आंबिया बहाराची संत्री. म्हणाली, ‘अरे, ही अशी मळकट काऊन दिसून राहिली?’ उजवा मिटला, तर तीच संत्री लखलखीत.

दुसऱ्या डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्यापुढे धरून लाल किती लाल दिसतं ते विचारलं. रंगांची नजर तपासणाऱ्या इशिहाराच्या ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले. खोलीत अंधार करून टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवत बाहुल्या कशा आकसतात ते पाहिलं. दहा मिनिटंही लागली नसतील! मग फील्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी, आणि सीटी स्कॅन झाला. सुजलेल्या स्नायूंनी नस मागे आवळली होती. सलाइनमधून स्टेरॉइड दिल्यावर रंग बराचसा परत आला, पूर्ण नाही. ते तीन महिने मी विसरू शकत नाही.

थायरॉइडमुळे डोळ्यांना त्रास होणाऱ्या शंभरांत पाचेक जणांचीच नस दबते, मान्य. पण त्यांचा तक्ता 6/6 असू शकतो, पडदा तपासला तरी नस वरून ठीक दिसू शकते. दोन्हीकडे सारखीच दबली असेल, तर टॉर्चमध्येही दोन बाहुल्यांतला फरक कळत नाही. म्हणून एका तपासणीवर विसंबू नये, रंग तर प्रत्येक डोळ्याचे वेगळे तपासावेत. पुढच्या मंगळवारी एवढं तरी छापा.

आणि कृपया, तो लेख फिक्या केशरी चौकटीत पांढऱ्या अक्षरांत छापला होता. ताईला मी वाचून दाखवला.

— एक वाचक, नागपूर