ट्रेलरखाली पुठ्ठा टाकून शिरलेल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, ते राहू दे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. शिवाय वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या शेजारी तुमच्यासारखा माणूस राहत नाही. तुम्ही काय काय पाहिलंत, ते तरी त्यांच्या उपयोगी पडावं.

आमच्या घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. तंबूत जमिनीवर झोपणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून ट्रेलर घ्यायचं ठरलं. मी केलेली यादी तुम्ही चष्मा वर करून वाचलीत आणि म्हणालात, "यादी चांगली आहे, फक्त खालून वर वाचायची. पैसे टाकून जे बदलता येतं ते शेवटी बघायचं. जे बदलता येत नाही तिथून सुरुवात." गाद्या, टायर, बॅटरी, पाण्याचा पंप, सगळं नवं बसवता येतं. भिंती, तळ, सांगाडा आणि वजन यांचं तसं नाही. पुढचे सगळे ट्रेलर आपण त्याच क्रमाने पाहिले.

तो पांढराशुभ्र ट्रेलर आठवतो ना? मुलं तर आत शिरून खाटा वाटून मोकळी झाली होती. तुम्ही मात्र सगळ्या खिडक्या बंद करायला लावल्यात आणि आम्हाला बाहेर उभं केलंत. थोड्या वेळाने दार उघडून आत नाक घातलंत. अत्तरासारखा वास होता, आणि त्याच्या खाली कुबट वास. मग बाहेरच्या भिंतीला गाल टेकवल्यासारखं करून तुम्ही तिरप्या उन्हात लांबवर पाहिलंत आणि मलाही पाहायला लावलंत. समोरून सपाट दिसणारी भिंत पुढच्या खिडकीखाली चक्क फुगलेली होती. त्या भिंतीत फायबरग्लासचा पातळ पत्रा प्लायवर चिकटवलेला असतो, आत पाणी शिरलं की आधी तो चिकटवलेला पत्रा सुटतो, हे मला तेव्हा कळलं. आत गेल्यावर तुम्ही टाचेने तळ दाबत दारापासून बाथरूमपर्यंत गेलात, पलंगाच्या फळ्या उचलल्यात, वरच्या कपाटांचे कोपरे टॉर्चने पाहिलेत. शेवटी तो दोन सुयांचा ओलावा मोजायचा मीटर काढलात. आधी एका कोरड्या जागी टोचून आकडा बघितलात, मग खिडकीखाली. तुलना केल्याशिवाय नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, हे तुमचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

विकणारे गृहस्थ म्हणाले, वरून जरा सीलंट मारलं की झालं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "वरचं भोक बुजेल हो. आत गेलेलं पाणी कसं काढायचं?" तिथून आपण निघालोच.

छपरावर तुम्ही प्रत्येक वेळी चढलात, आणि दर वेळी माझा जीव खालीवर. रबरी छपराचा पत्रा सहसा टिकतो, पाणी शिरतं ते जिथे तो कापलेला असतो तिथून: हवेची झडप, एसी, अँटेना, कडेच्या पट्ट्या. तिथलं सीलंट उन्हाने तडकतं, म्हणून दरवर्षी एकदा तरी वर जाऊन ते पाहायला हवं.

वजनाच्या बाबतीत तुम्ही आमच्या ह्यांच्याशी जो वाद घातलात, त्याबद्दल वेगळे आभार. "आपली गाडी एवढं ओढते" हे पालुपद ते सोडत नव्हते. तुम्ही म्हणालात, ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ट्रेलरच्या माहितीपत्रकात ठळक छापतात ते रिकामं वजन, ज्यात पाणी नाही आणि सामानही नाही. नुसती १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वाढले. म्हणून हिशेब कमाल परवानगीच्या वजनावर करायचा. भरलेला ट्रेलर २,५०० किलोचा धरला, तर त्याचा १० ते १५ टक्के भार, म्हणजे २५० ते ३७५ किलो, हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या आकड्यावर, यायला हवा. त्याहून कमी आला तर ट्रेलर मागे शेपूट हलवू लागतो. आणि तो सगळा भार गाडीच्या अंगावर येतो, आम्हा पाच जणांच्या आणि डिकीतल्या सामानाच्या जोडीला. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ती किती पेलते तो आकडा असतो, त्यातून तुम्ही एकेक वजाबाकी करत गेलात. सासूबाईंनी स्वतःचं वजन सांगायला नकार दिला, तेव्हा तुम्ही अंदाजाने लिहिलेला आकडा त्या अजून विसरलेल्या नाहीत. पण त्या कागदामुळे मोठे ट्रेलर यादीतून आपोआप गळाले.

मग तो फिक्या तपकिरी पट्ट्यांचा, कुणी वळूनही बघणार नाही असा ट्रेलर. तुम्ही आदल्या दिवशीच मालकांना फोन करून फ्रिज चालू ठेवायला सांगितलं होतं. त्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने अमोनिया पाण्यातून वेगळा करून तो थंडावा तयार करतो, त्याला वेळ लागतो, आणि ट्रेलर समतल नसेल तर तो नीट चालतही नाही. पाहायला गेलो तेव्हा फ्रिज गार होता. तरी तुम्ही बाहेरची जाळी काढून मागच्या नळ्यांवर गळतीची खूण असलेली पिवळी भुकटी नाही ना, अमोनियाचा वास येत नाही ना, हे पाहिलंत आणि मग गॅसवर चालवून पाहिलात. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावलंत.

त्यानंतर पुठ्ठा अंथरून खाली शिरलात. टायरांची नक्षी छान होती, पण टायरच्या कडेवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे तुम्ही मोठ्याने वाचलेत. ३२१८ असेल तर २०१८ सालचा ३२वा आठवडा, असं ते वाचायचं. ट्रेलर उभाच राहतो, म्हणून त्याचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. हे टायर बदलायलाच हवे होते, ते किमतीतून वजा झाले. झीज आतून-बाहेरून सारखी होती, म्हणजे एक्सल सरळ. गंज होता तो वरवरचा, वेल्डिंगला तडा नव्हता. गाडीपासून ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी ती पिनही ओढून पाहिलीत. सांगाड्यावरचा नंबर कागदपत्रांशी ताडलात.

सगळ्यांत मजा आली ती झोपून पाहताना. जाहिरातीत "आठ जणांची सोय" होती, त्यात जेवणाचं टेबल मोडून केलेली खाटही धरलेली. तुम्ही आम्हा सगळ्यांना आपापल्या जागी आडवं केलंत आणि सासूबाईंना सांगितलंत, "आता रात्र आहे असं समजा आणि बाथरूमला जाऊन या." त्या कुणालाही न तुडवता गेल्या आणि आल्या. तेवढ्यात मालकांनी एक वही आणून दिली. छपराचं सीलंट कधी तपासलं, बेअरिंगला ग्रीस कधी भरलं, सगळं तारखेसह. तुम्ही वही मिटलीत आणि ह्यांच्याकडे बघून मान हलवलीत.

त्या वहीत आता आमच्याही नोंदी होतात. पहिली नोंद नव्या टायरांची आहे.

काका, फीचं नाव काढलं तर तुम्ही रागावता, म्हणून काढत नाही. पण तुमचा तो ओलाव्याचा मीटर अजून आमच्याकडेच आहे, आणि आता माझ्या मावसभावाला ट्रेलर घ्यायचाय. मीटर त्याच्याकडे देऊ, की तुम्हीच याल?

तुमची,
शेजारीण