कारणे दाखवा नोटीस आलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी सूचना

बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील पालक-सभासदांस कळविण्यात येते की, ‘वर्तन व्यवसायाला शोभणारे नाही’ अशा मोघम शेऱ्यावरून पाल्यास नोटीस आल्यास घाईघाईने माफीनामा लिहून देऊ नये, कारण पुढे चौकशीत तोच कबुलीजबाब म्हणून समोर ठेवला जाऊ शकतो. तक्रारीची प्रत, घटनेची तारीख, वॉर्ड आणि नेमका कोणता नियम मोडला हे आधी लेखी मागावे व अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. नोटीस कन्नडमध्ये असेल तर मजकूर नीट समजून घेऊनच सही करावी आणि सहीखाली ‘फक्त पोच’ असे लिहावे. ‘उद्धट’, ‘बेफिकीर’ ही झाली मते. रात्रपाळीनंतर सकाळच्या राउंडला कोणाचा आवाज चढला, एवढ्यावर निलंबन होणे आम्हांस रास्त वाटत नाही, विशेषतः २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता व संवाद हे शिकवण्याचेच विषय असताना. रॅगिंग किंवा रुग्णाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर टाकणे यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे मंडळ कोणालाही पाठीशी घालणार नाही. बाजू न ऐकताच कारवाई झाल्यास विद्यापीठाकडे आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे दाद मागता येते. उत्तराचा मसुदा मुदतीपूर्वी मंडळाच्या कार्यालयात दाखवावा.